हीथक्लिफ गोरा होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

‘अभिजात पुस्तकांवरच्या सिनेमांत हल्ली गोऱ्यांच्या भूमिका काळ्यांना देतात, पूर्वी लेखकाने लिहिला तसाच माणूस पडद्यावर दिसायचा,’ असा लांबलचक मेसेज जुळे सोलापुरातल्या आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ठळक ओळ: ‘रंगाला शोभेल तीच भूमिका द्यावी.’ माझी भाची सावळी आहे. तिने कॉलेजच्या एकांकिकेत राजकन्येसाठी दिलेलं नाव गुपचूप मागे घेतलं. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत बसत नाही.

मेसेजचा सगळा जीव हीथक्लिफमध्ये, म्हणजे ‘वुदरिंग हाइट्स’ या इंग्रजी कादंबरीच्या नायकामध्ये. तिच्यावरच्या 2011 च्या सिनेमात दिग्दर्शिका अँड्रिया आर्नल्डने ही भूमिका जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला दिली, म्हणून ‘पुस्तक बाटवलं’ म्हणे. पुस्तक उघडलं होतं का कुणी? एमिली ब्राँटेने 1847 मध्येच लिहून ठेवलंय: लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं, जिप्सीसारखं काळसर पोर. शेजारचे लिंटनसाहेब त्याला बघून म्हणतात, हे लॅस्कराचं पोर असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश. लॅस्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी! घरातली मोलकरीण नेली तर त्याची समजूत घालताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. तो नक्की कुठला हे ब्राँटे सांगत नाही, हे कबूल. पण गोरागोमटा नाही, एवढं स्वच्छ आहे. त्याला मिळणाऱ्या हिडीसफिडीस वागणुकीत या रंगाचा वाटा आहे. तो पुसला की उरतो नुसता तिरसट प्रेमवीर. पुस्तकात ढवळाढवळ केलीच असेल तर ती 1939 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएला आणि आता 2026 मध्ये जेकब इलॉर्डीला, या गोऱ्या नटांना, घेणाऱ्यांनी. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

बरं, ते सोन्याचं ‘पूर्वी’ कधीचं? 1937 च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरीण झाली युरोपातून आलेली लुइझ रायनर, आणि वर ऑस्करही पटकावलं. चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग तेव्हा हॉलिवूडमध्येच होती. 1984 च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त प्राध्यापक गोडबोले कोण? इंग्रज नट अ‍ॅलेक गिनेस. अहो, गोडबोले!

एक मात्र मान्य करावं लागतं. काही निर्माते निव्वळ गाजावाजा व्हावा म्हणून नाना वर्णांचे नट गोळा करतात आणि पटकथेत त्याचा काडीचा विचार करत नाहीत. ते सिनेमे फसतात. पण फसते ती पटकथा, त्यात नटाच्या कातडीचा काय दोष?

राहिलं मेसेजमधलं शेवटचं, ‘उद्या आपल्या माणसांच्या गोष्टींना हात घालतील’. आपण काय केलं? चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला, तोही पुस्तकावरूनच. डॉक्टरांच्या चिनी पत्नीचं काम केलं जयश्रीबाईंनी. खरी पत्नी तेव्हा चीनमध्ये हयात होती, तरी ‘बाटवलं’ म्हणून सोलापुरात कुणी ओरडल्याचं माझ्या कानावर नाही.