तमाशा उसना कुणाकडून घेतला?

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. लाल बावटा या कम्युनिस्ट विचारांच्या कलापथकावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत, एक म्हणजे मी सगळं श्रेय शाहीर अण्णाभाऊ साठेंना देऊन टाकलं, आणि दुसरं, कम्युनिस्ट पक्षाने तमाशाचा बाज उसना घेऊन गिरणी कामगारांना निव्वळ प्रचार ऐकवला, त्यात कला कसली.

पहिलं एकदम मान्य. १९४४ ला पथक उभं राहिलं ते अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांच्या जिवावर, आणि मी शेख-गवाणकरांना एका ओळीत उरकलं हे चुकलंच. अमर शेखांचा तो खडा आवाज नसता तर ही गाणी परळ-लालबागच्या चाळींत एवढी घुमलीच नसती. लेख दुरुस्त करतोय.

पण दुसरं नाही पटलं. उसना कुणाकडून घेतला? अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग घरातले, नात्यातल्याच बापू साठेंच्या तमाशाच्या फडात वावरलेले, तमाशा त्यांच्या घरचाच होता. आणि तो त्यांनी जसाच्या तसा ठेवला नाही, गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं, कृष्ण आणि गौळणींचा भाग, म्हणजे गवळण, काढून टाकली. बाजू घेतली होती हे खरंच, १९४६ च्या ‘शेटजींचे इलेक्शन’ या त्यांच्या तमाशामध्ये ती नावातच दिसते, कुणी लपवली नव्हती. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा हाच बाज लोकनाट्य म्हणून उभा राहिला, तेही विसरू नका.

आता मुंबईच्या लावणीचंच घ्या. आधी जुने शाहीर पठ्ठे बापूरावांनी मुंबईचं वैभव गायलं होतं, रावणाची दुसरी लंका म्हणून. अण्णाभाऊंनी लावणीच्याच ठेक्यावर आधी मलबार हिलची इंद्रपुरी दाखवली आणि लगेच खाली परळात उतरले, जिथे दिवसरात्र राबणारे मिळेल ते खाऊन घाम गाळतात. माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, रात्रपाळी करून आले की गॅलरीत तोंड धुताना हेच गुणगुणायचे, आणि परळ आलं की आवाज चढायचा. त्यांनी पक्षाचं पत्रक कधी हातात धरलं नाही, पण ही लावणी त्यांना पाठ होती.

आणि अण्णाभाऊंचीच ‘माझी मैना’? पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतोय, एवढंच वाटतं आधी, आणि मग शेवटाकडे ती मैना म्हणजेच बेळगाव, कारवार, निपाणी होऊन जाते. बायकोला गावी ठेवून आलेल्या माणसाला संयुक्त महाराष्ट्र असा त्याच्याच दुःखातून सांगायचा, याला मी कलाच म्हणतो, प्रचार म्हणायचं तर तोही म्हणा.

तुमचे वडील डिलाईल रोडला राहायचे आणि लहानपणी त्यांनी पथकाचा एक वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, पाहिलेला, असं तुम्ही लिहिलंय. कुठला ते प्लीज विचारून सांगा ना, आणि वाद्यं कोणती होती तेही, लेखात घालतो.