मामाची ब्रह्मा कोंबडी
राजापूरच्या मामाने फॉरवर्ड पाठवला: ‘ब्रह्मा कोंबडी ऋषीमुनींच्या आश्रमातली, ब्रह्मदेवाच्या नावाची. इंग्रजांनी ती पळवून व्हिक्टोरिया राणीला नजर केली, आणि ती मिरवायलाच जगातलं पहिलं कोंबड्यांचं प्रदर्शन भरवलं. हिचं अंडं खा, आठ दिवसांत साखरेच्या गोळ्या बंद.’ खाली जोडीचा भाव आणि फोन नंबर. मामा ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात होता, म्हणून बसलो लिहायला.

आधी गोळ्यांचं. अंड्यात पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते खाऊन साखर फारशी चढत नाही. पण हे आपल्या गावठी कोंबडीच्या अंड्यालाही लागू आहे. न चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं. ब्रह्माच्या अंड्यात औषध नाही. मामाला दहा वर्षं मधुमेह आहे. असल्या मेसेजवर कुणी खरंच गोळ्या सोडल्या तर काय, याचा विचार लिहिणाऱ्याने केलाय का?

प्रदर्शनाचं म्हणाल तर इंग्लंडमधलं पहिलं मोठं प्रदर्शन 1845 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भरलं. कोंबड्यांच्या झुंजींवर 1835 सालीच बंदी आली होती, हौशी लोकांना कोंबडे मिरवायला दुसरी जागा हवीच होती. ‘ब्रह्मा’ हे नाव तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं.

आणि चोरी? राणीला 1852 साली कोंबड्या पाठवल्या त्या बॉस्टनकडच्या जॉर्ज बर्नहॅमने, धंद्याची जाहिरात म्हणून. तेव्हा तिकडे कोंबड्यांचं असं खूळ होतं की जोडीला वाट्टेल तो भाव मिळायचा. पुढे 1855 साली याच गृहस्थाने त्या खुळाची टर उडवणारं आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तो आपल्या पक्ष्यांना करड्या शांघाय कोंबड्या म्हणतो आणि ‘ब्रह्मपुत्रा’ या नावाची चेष्टा करतो. ‘ब्रह्मा’ हे त्याचंच आखूड रूप. नदीचं नाव, देवाचं नव्हे. ऋषी कुठे आले यात?

बरं, एक मान्य. शांघायच्या पक्ष्यांत चितगावकडचं रक्त मिसळलं असं मानतात, आणि चितगाव तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होतं. अभिमानच हवा असेल तर असीलचा, म्हणजे आपल्याकडच्या झुंजीच्या कोंबड्याच्या जातीचा धरा. त्याच्यापासून इंग्लंडात कॉर्नवॉलकडे ‘इंडियन गेम’ ही जात तयार झाली, आणि आजच्या ब्रॉयलरमध्ये तिचा अंश आहे.

ब्रह्माच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. थंडीत ठीक, पण राजापूरच्या पावसात, चिखलात? मामाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अरे, पण दिसायला छान आहे रे.’’

ते आहेच.