शिफ्ट दाबल्यावर येणारा देव

परवा दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला. पलीकडून आवाज आला, "रावणजी से बात हो सकती है?" बायको जरासुद्धा न गडबडता म्हणाली, "हां, हैं ना. कौनसे मुँह से करनी है?" आणि फोन माझ्या हातात दिला. कुठल्याशा कर्जाच्या योजनेवाला होता. दहा तोंडांच्या माणसाला कर्ज द्यायचं त्याला जमेना असं दिसलं, कारण मी "बोला" म्हणेपर्यंत त्याने ठेवून दिला.

माझं नाव रवळनाथ. आता हे वाचणारा कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचा असेल तर म्हणेल, बरं मग? आमच्याकडे देवळात रवळनाथ, गाऱ्हाण्यात रवळनाथ, रिक्षेच्या काचेवर 'श्री देव रवळनाथ प्रसन्न'. पण बाकीच्या महाराष्ट्राला हे नाव म्हणजे छपाईची चूक वाटते. मुंबईत एका बाईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे रोवळीवरून का हो?" तांदूळ धुवायची रोवळी. मी हो म्हणालो. वाद घालत बसण्यापेक्षा बांबूचं होणं परवडतं.

हे नाव मला कसं मिळालं ती हकिगत आमच्या घरात दोन पाठांची आहे, एक आजीचा आणि एक बाबांचा.

साल १९७०. बाबा लालबागला गिरणीत. त्या वर्षी मुंबईत जन्मलेला दर दुसरा मुलगा राजेश असावा, इतकी राजेश खन्नाची हवा होती. बाबांनी पत्रातून कळवलं, मुलाचं नाव राजेश ठेवा. आजीने पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "देवाक इचारूक होया." बाबा रजा टाकून गावी आले आणि सगळे देवळात गेले, कौल लावायला. कौल कसा लावतात ते माहीत नसेल तर सांगतो. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला चिकटवतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही.

गुरवाने विचारलं, "नाव काय काय आसत?"

आजी म्हणाली, "बापूस म्हणता राजेश."

"आणि तू?"

इथे आजीची पंचाईत. कारण तिच्या मनातलं नाव तिच्या सासऱ्यांचं होतं, आणि सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं तर त्यापेक्षा जीभ गिळलेली बरी. ती पदर सावरत म्हणाली, "माज्या तोंडान कशी सांगू? आमच्या मामंजींचा. तू ज्याची पूजा करतंस ना, तेचाच."

राजेशला पहिला कौल डावा पडला. इथवर दोन्ही पाठ जुळतात. पुढे आजी म्हणायची, देवानेच नाव निवडलं. बाबा म्हणायचे, तेव्हा देवळात वीज नव्हती, पंखा नव्हता आणि तुझी आजी पाषाणाच्या डाव्या अंगाला उभी राहून पदराने वारा घालत होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली होती, देवाला उकडतंय.

अशा तऱ्हेने मी रवळनाथ झालो, आणि लगेच लक्षात आलं की घरात हे नाव कोणी घेऊच शकत नाही. आजीच्या सासऱ्यांचं नाव, म्हणजे आईच्या आजेसासऱ्यांचं. दोन्ही काकूंचं तेच. बाबांना आजोबांचं नाव घेऊन पोराला शिव्या घालणं जमेना. त्यात पुन्हा ते गावच्या मालकाचं, म्हणजे ग्रामदेवाचं नाव, 'अरे रवळ्या मेल्या' म्हणायची सोय नाही, संध्याकाळी दिवाबत्तीला त्याच्याचसमोर हात जोडायचे असतात. शेवटी सगळ्यांनी मला बाबल म्हणायला सुरुवात केली. माझं नाव लग्नातल्या चांदीच्या ताटासारखं कपाटात गेलं.

पूर्ण नावाने मला आयुष्यात पहिली हाक मारली ती घाड्याने, म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाने. चारेक वर्षांचा असेन. देवळात गाऱ्हाणं चालू होतं, सगळा गाव हात जोडून उभा. घाड्याने खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा रवळनाथा!" आणि मी आईच्या कडेवरून तितक्याच खड्या आवाजात म्हणालो, "ओ!"

'व्हय म्हाराजा' म्हणायचं सोडून गाव हसत सुटला. घाडीसुद्धा. आईने मला चिमटा काढला त्याचा वण अजून आहे असं मी सांगत असतो, खरं म्हणजे नाही.

शाळेत गेलो तर वर्गात आम्ही तीन रवळनाथ. गुरुजींनी त्यावर तोडगा काढला. एक वरच्या वाडीचा, एक खालच्या वाडीचा आणि एक शेंबडा. मी दोन्ही वाड्यांतला नव्हतो. पुढे वरच्या वाडीचा मुंबईला जाऊन रवी झाला. खालच्या वाडीचा गोव्यात हॉटेलात लागला, तिथे तो रॉनी आहे. शेंबडा तेवढा रवळनाथ राहिला. आता गावात पाळण्यात घालतात ते विहान, कियान आणि रेयांश. परवा एका बारशाला मी सहज म्हटलं, ग्रामदेवतेचं नाव ठेवा की. बाळाच्या आईने बाळाला असं उराशी धरलं की जणू मी त्याला लस टोचायला आलोय.

खरं तर नाव काही ऐरंगैरं नाही. मोठ्या घरातलं आहे. जुन्या मराठीतलं 'राऊळ' हे संस्कृत 'राजकुल'वरून आलं, आधी राजवाडा आणि मग देऊळ. रवळनाथातला 'रवळ' त्याच घरचा, असं एक मत. दुसरं मत नाथपंथाकडे बोट दाखवतं, नाथांच्या बारा पंथांत एक रावळ पंथ आहे. कुठलंही धरा, माझी हरकत नाही, एकीकडून राजा होतो, दुसरीकडून जोगी. मूर्ती बघाल तर चार हात, त्यात खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र. भैरवाच्या गोतावळ्यातलं रूप. आंबोलीचा घाट चढून आजऱ्याला जा, ग्रामदैवत रवळनाथ. तिलारीचा घाट चढून चंदगडला जा, तिथेही तोच. खाली गोव्यात पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. तेवढ्या पट्ट्यात मी नाव सांगितलं की समोरचा "वा" म्हणून चहा सांगतो. पट्टा संपला की "स्पेलिंग?" विचारतो.

सगळं भांडण एका अक्षराचं आहे. ळ. हिंदीला ळ नाही, त्यामुळे तिकडे मी रावल होतो, रावण होतो, एकदा तर राहुलनाथ होऊन थोडा तरुणही झालो. आणि हा ळ काही आमच्या परसातला अडाणी पोर नव्हे. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे' म्हणून सुरू होते, दुसऱ्याच शब्दात ळ हजर. नंतरच्या संस्कृतने त्याला घराबाहेर काढला, तो मराठीने, कन्नडने, गुजरातीने सांभाळला. पण हे सगळं फोनवर "आर फॉर राजा" म्हणणाऱ्या मुलीला कसं सांगणार?

मग आले कागद. पॅन कार्डावर मी व्ही घालून होतो. आधार कार्डावर डब्ल्यू घालून. बँकेच्या पासबुकात 'रवल' हे माझं नाव आणि 'नाथ' हे वडिलांचं, म्हणजे गिरणीत राबून मला वाढवलेल्या माणसाला बँकेने परस्पर नाथपंथात पाठवलं. पॅन आणि आधार जोडायची ३० जून २०२३ ही शेवटची तारीख जवळ आली तेव्हा मी हजार रुपये शुल्क भरून बसलो, आणि पडद्यावर आलं, नाव जुळत नाही. व्ही आणि डब्ल्यूचं पटत नव्हतं.

दुरुस्तीला एका केंद्रावर गेलो. रांगेत दोन तास. खुर्चीतला मुलगा बिचारा चांगला होता, फक्त घाईत होता. इंग्रजी नाव त्याने सुधारलं, खालचं मराठी यंत्राने आपोआप उमटवलं. 'रवालनाथ'.

मी म्हटलं, "बाळा, वा नको, आणि ल नको. ळ पाहिजे."

"काका, ळ येत नाय ह्याच्यात."

"येतो."

"नाय येत."

मी चाळीस वर्षं ह्या ळसाठी झगडलेला माणूस. त्याच्या कीबोर्डवर वाकून दाखवलं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये ल आणि ळ एकाच बटणावर राहतात. एनचं बटण नुसतं दाबलं की ल, शिफ्टसकट दाबलं की ळ. त्याने दाबलं. ळ आला. मुलगा त्याच्याकडे असा बघत राहिला की देवाने दर्शन दिलं असावं. त्या आनंदात त्याने 'व'चा काना खोडण्याऐवजी तो उचलून 'र'ला दिला आणि "झालं काका" म्हणून पावती फाडली. घरी येऊन वाचतो तर 'रावळनाथ'.

परत जावं तर आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी गेली, एक उरली. ती आता मी बायकोच्या दागिन्यांसारखी जपतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा त्रास कशाला? सरळ राजपत्रात छापून राजेश करून टाका. आजोबांची इच्छापण पूर्ण होईल." एक संधी उरलीच होती. आणि खोटं कशाला बोलू, मी रात्रभर राजेश म्हणून कूस बदलत होतो. बरं वाटत होतं. पॅन, आधार, बँक, सगळीकडे राजेश. पण देवाने दिलेलं नाव देवाला न विचारता परत कसं करायचं?

म्हणून गेल्या महिन्यात गावी जाऊन कौल लावला. देवळात आता गुळगुळीत लाद्या आहेत आणि गाभाऱ्याबाहेर मोठा पंखा. मी आधी जाऊन पंखा बंद केला. बायकोला पाषाणापासून दहा हात लांब उभं केलं, पदर खोचून. एकदा फसलोय.

गुरवाने पाकळ्या लावल्या. घाडी आता जुन्या घाड्याचा मुलगा, आवाज बापाचाच. त्याने सुरू केलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्यो तुजो रवळनाथ आज तुज्या पायाकडे इलो हा. रवळनाथ ह्या नावान तेका लय ताप झालो हा. तर रवळनाथ नाव काढून राजेश करूक तुजी परवानगी मागता. होय तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. डावी पडेना, उजवी पडेना. घाम पाकळ्यांना नाही, आम्हाला फुटला. अखेर गुरव माझ्याकडे वळला. "देवाक समाजला नाय वाटता. नाव तुजा बदलूचा हा काय तेचा, ता नीट सांगा."

घाड्याने मान हलवली, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"बा देवा रवळनाथा!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ!"