मावशीच्या गल्ल्यातल्या गोळ्या

परळला आमच्या चाळीसमोर मावशीची चहाची टपरी आहे, तिला लागूनच आमचा कट्टा. काल रात्री वाद पेटला तो पिंट्याच्या डब्यावरून. आईने दिलेली भाकरी त्याने तशीच परत आणली होती. कार्ब्स बंद, फक्त प्रोटीन, असं जिममध्ये कोणीतरी सांगितलेलं.

अण्णा भडकलेच. १९८२च्या संपापर्यंत गिरणीत साचे चालवलेला माणूस. "आठ आठ तास उभे राहायचो ते कशावर रे? भाकरीवरच ना?"

"पण अण्णा, मसल प्रोटीनने बनतात. भाकरीने पोट सुटतं."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, त्यामुळे असं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. मी आधी पिंट्याची बाजू घेतली, कारण त्याचं निम्मं खरं आहे. स्नायू तर आहेतच, पण रक्तातलं हिमोग्लोबिन, पाचक रस, रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी, हे सगळं प्रथिनांचंच. दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब. पिंट्या ७० किलोचा, म्हणजे ५८ ग्रॅम. आपल्याकडच्या पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम निघाली तरी खूप.

"ऐका अण्णा, ऐका!" पिंट्या उड्या मारायला लागला.

"आता पुढचं ऐक. मेंदूला रोज साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. भाकरी, भात काहीच दिलं नाहीस तर यकृत ते प्रथिनांपासून तयार करतं. म्हणजे तुझी महागाची पावडर सरपणात गेली. सागाचं कपाट फोडून बंब पेटवशील का?"

"कीटो डाएटवाले भाकरी-भात सोडून जगतात की."

"जगतात. चरबीपासून कीटोन बनतात आणि काही दिवसांनी मेंदू त्यावर बरंच भागवतो. तरी थोडं ग्लुकोज लागतंच. आणि भाकरीत प्रथिनं नाहीत हे तुला कोणी सांगितलं? १०० ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम असतात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन तिच्यात कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात. भाकरीबरोबर पिठलं खाल्लंस की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. तू ताटातून भाकरी उचललीस की पिठल्याचीही किंमत कमी होते."

अण्णांना जोर चढला, पण त्यांनाही मी सोडलं नाही. डॉक्टरांनी तेल-तूप कमी करा म्हटल्यावर त्यांनी फोडणीसुद्धा बंद केलीय. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषली जात नाहीत. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर फोडणी हवीच. कमी म्हणजे शून्य नव्हे.

एवढ्यात मावशी फडक्याला हात पुसत बाहेर आली. "तुमचं मसल राहू दे. मला सांग, तीन महिने गोळ्या खातेय, हिमोग्लोबिन नऊच्या वर का जात नाही?"

वाद तिथेच थांबला. तिच्या रक्ताची काच मी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिली होती. तांबड्या पेशी आकाराने लहान आणि मधोमध फिकट, जणू रंग फक्त कडेलाच उरलाय. शरीरात लोह कमी पडलं की पेशी अशा दिसतात. फोलेट किंवा बी-१२ ही जीवनसत्त्वं कमी असतील तर उलट, पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होतात.

"माझी आई वाइंडिंग खात्यात होती," अण्णा म्हणाले. "तेव्हा गिरणीतल्या बायकांचं रक्त कोण तपासायचं?"

तपासलं होतं, तेही इथेच. मी सांगितलं तर कोणाला खरं वाटेना. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगाने, म्हणजे रक्त कमी पडून, मरत होत्या आणि त्यांच्या पेशी मोठ्या दिसत होत्या. विल्सबाई आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत काम करायच्या. आधी जंतू शोधले, मग त्या बायकांच्या ताटात काय असतं ते बघितलं. शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ साली त्यांनी ते छापलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, मघाचं फोलेटच. पुढे १९४१मध्ये ते पालकापासून वेगळं काढलं, म्हणून लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून नाव पडलं. आज गरोदर बाईच्या हातात जी गोळी देतात तिची सुरुवात या गिरणगावात झाली, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पिंट्याने विचारलं, "म्हणजे मावशीने पालक खायचा?"

"खायचाच. पण आधी सांग मावशी, गोळी घेतेस कशी?"

"कशी म्हणजे? सकाळी टपरी उघडली की पहिल्या चहाबरोबर. दोन्ही एकदम, विसरायला नको."

तिने गल्ला उघडला. सुट्ट्या पैशांखाली दोन पाकिटं रबर लावून एकत्र ठेवलेली, एक लोहाचं, एक कॅल्शियमचं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यातून आत जाऊ देत नाही. कॅल्शियमही त्याच वेळी आलं की लोहाच्या वाटेत अडथळा होतो. तीन महिने ती नेमाने गोळ्या गिळत होती आणि त्यातलं रक्तात फारच थोडं पोचत होतं.

"मग माझा चहा बंद?"

"बंद नाही. गोळी आणि चहा यांत दीड-दोन तास जाऊ देत. डॉक्टरांनी दिल्यात तेवढ्याच घे, लोहाची दुपारी जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. कॅल्शियमची रात्री जेवल्यावर."

मी रबर काढलं. पिंट्याने गल्ल्यातलं पेन घेऊन एका पाकिटावर 'दुपार, लिंबू' आणि दुसऱ्यावर 'रात्र' असं ठळक लिहिलं. मावशीने एक पाकीट गल्ल्यात ठेवलं, दुसरं पदराच्या गाठीला बांधलं.