निकालाकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांसाठी काही उपयुक्त सूचना

अभिनंदन. तुमच्या लेकरानं इलेव्हन प्लस, ही इंग्लंडातल्या ग्रामर शाळांची, म्हणजे मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळांची प्रवेशपरीक्षा दिली. म्हणजे तुम्हीच दिलीत, ते फक्त पेन्सिल धरून बसलं होतं. सप्टेंबरातल्या परीक्षेपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस आता रिकामे आहेत आणि इतक्या मोकळ्या वेळाची तुम्हाला सवय राहिलेली नाही. दीड वर्ष रविवारची सकाळ मॉक टेस्टला, बुधवारची संध्याकाळ ट्यूटरकडे आणि रात्री वरणभाताच्या ताटाशेजारी इंग्रजी शब्दांची कार्डं. आता एकदम करायचं काय? घाबरू नका. मी लंडनजवळच्या स्लावमध्ये राहते, सध्या याच कढईत आहे. चार युक्तीच्या गोष्टी सांगते.

सुरुवात परीक्षा केंद्राच्या फाटकापासूनच करायची. पोर बाहेर आलं की भूक लागली का, शू लागली का, असल्या फालतू चौकश्या करू नका. 'किती सुटले?' एवढंच विचारा. 'मस्त गेला' म्हणालं तर काळजी करा, कारण सोपा होता म्हणजे सगळ्यांनाच सोपा होता. 'अवघड होता' म्हणालं तरी काळजी करा, कारण शेजारच्या बाकावरच्याला तो अवघड गेला नसणार. 'आठवत नाही' म्हणालं तर गाडी कडेला घ्या आणि आठवेपर्यंत हलू नका. उत्तरपत्रिका वेगळी असते, चौकोनात रेघ मारायची आणि मशीननं ती वाचायची. तेव्हा 'एक ओळ खाली तर नाही ना सरकलीस?' हे विचारायला विसरू नका. परीक्षेत सरकली नसली तरी त्या रात्री स्वप्नात नक्की सरकेल.

पुढची सूचना खास बापांसाठी. संख्याशास्त्र शिकून घ्या. आपल्या वेळी मार्क म्हणजे मार्क होते. इथे पोरानं नेमके किती सोडवले हा आकडा बाजूला राहतो. सगळ्या मुलांच्या मार्कांशी ताडून, वयाचा महिन्यांचा हिशेब लावून, सरासरी शंभराच्या आसपास बसवून, घोटून घोटून शेवटी एक आकडा हातात देतात. शाळेचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरातलं आणि पुढच्या ऑगस्टातलं मूल एकाच वर्गात बसतं. ते वर्षभराचं अंतर भरून काढायची ही सोय, आणि सोय म्हणून ती रास्तच आहे. पण आमची लेक ऑक्टोबरची. म्हणजे आमच्या घरी त्या सोयीचा अर्थ 'तोटा' असा लागला. नवऱ्यानं एक्सेल उघडलं. तीन रात्री त्यानं कसले तरी घंटेसारखे आलेख काढले आणि चौथ्या रात्री माझ्याकडे बघत म्हणाला, "दहा महिने उशिरा झाली असती ना, तर चार मार्क आरामात वाढले असते." जणू घाई मीच केली होती.

पुण्याला आईला फोन करून तिला हे सगळं समजावून सांगणं, हाही वेळ घालवण्याचा उत्तम उपाय आहे. "पात्र व्हायला १११ लागतात" म्हटल्यावर ती म्हणाली, "शंभरात?" मग मी सांगितलं, की शेजारच्या बकिंगहॅमशायरात १२१ लागतात, बर्मिंगहॅमला २०५ आणि तिकडे केंटात ३३२. "मग केंटची पोरं जास्त हुशार दिसतात," असं म्हणून तिनं निकाल लावून टाकला. ते तीन विभागांचे मिळून असतात गं, हे सांगेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर गेली होती. असल्या शाळा आहेत तरी किती? अख्ख्या इंग्लंडमध्ये १६३. १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी पोरं चाळून घेण्याची ही पद्धत देशभर होती. १९६५ नंतर बहुतेक ठिकाणी ती मोडीत निघाली आणि १९९८पासून तर नवी ग्रामर शाळा काढायलाच कायद्यानं बंदी आहे. उरल्या त्या उरल्या. सरकारी माध्यमिक शाळांतल्या वीस मुलांत जेमतेम एक ग्रामरमध्ये असतं. स्कॉटलंडात आणि वेल्समध्ये एकही ग्रामर शाळा नाही.

"मग स्कॉटलंडला जा ना राहायला," आई म्हणाली.

पंचाहत्तरीची बाई. एक्सेल येत नाही तिला.

रात्री दोन वाजता ईमेल बघत चला. कौन्सिलची माणसं तेव्हाच निकाल पाठवतात.

स्पॅमही बघा.

गणपतीला नवस बोलून झालाच असेल, आता दत्तालाही बोला. एकावरच भिस्त ठेवू नये.

व्हॉट्सॲपचा ग्रुप मात्र अजिबात म्यूट करू नका. निकालाची तारीख वेबसाइटवर जूनपासून ठळक छापलेली असते, तरी कुणाच्या तरी जावेच्या ऑफिसातल्या बाईला आतली खबर असते की या वेळी गुरुवारीच लागणार. त्यावर साठ मेसेज येतात. एकसष्टावा असतो, 'ऑल द बेस्ट टू ऑल द किड्स', खाली हात जोडलेले. हा मेसेज टाकणारीनं स्वतःच्या ट्यूटरचा नंबर दीड वर्ष कुणाला दिलेला नसतो. मी मागितला तेव्हा म्हणाली, "अगं, आम्ही कुठे ट्यूटर लावलाय! घरच्या घरीच थोडं थोडं करतो." पुढच्या बुधवारी त्याच ट्यूटरच्या दारात भेटली. ती बाहेर पडत होती, मी आत जात होते. दोघींनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तुम्हीही हेच धोरण ठेवा. 'नुसतं ट्राय म्हणून बसवलंय हो' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, चेहरा हलता कामा नये. तासाला चाळीस पौंड मोजून ट्राय.

आणि निकाल लागला की सुटलो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १११ मिळाले म्हणजे शाळा मिळाली असं नव्हे, रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. ३१ ऑक्टोबरच्या आत पसंतीक्रम भरायचा, मग घर शाळेपासून किती लांब, भाऊबहीण आधी तिथे आहे का, हे सगळं बघून १ मार्चला कळणार. एकूण काय, दिवाळीला विकत घेतलेली काळजी होळीपर्यंत पुरते. मधल्या काळात शाळेच्या जवळची घरं बघत राहा. परवडणार नाहीतच, पण बघायला पैसे पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, त्यासाठीच हे लिहायला बसले. स्वतःच्या पोराला विचारून झालं की दुसऱ्यांच्या पोरांना गाठा. मोठ्यांना विचारून काही उपयोग नाही, ते वरच्याप्रमाणे थापा मारतात. पोरं खरं बोलतात. मात्र त्यांना एकटं गाठायचं, आई भजी तळत असताना.

हे शास्त्र मी भोंडल्यात शिकले. दरवर्षीप्रमाणे चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला. तिथे जमिनीवर रांगोळी चालत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर रंगवलेला हत्ती पाटावर ठेवलेला. फेर धरून झाले, पाय दुखले, मग खिरापती ओळखायचा कार्यक्रम सुरू झाला. गोड की तिखट? हातानं खायची की चमच्यानं? आमची लेक हे सगळं मनापासून खेळते. मी स्वयंपाकघरात होते. तेवढ्यात तिकडे दुसराच खेळ सुरू झाला. एक काकू, ज्यांचा मुलगा त्याच दिवशी त्याच परीक्षेला बसला होता, लेकीला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. लपलेला शब्द कोणता लिहिलास? टाक्या भरायचं गणित आलं का? तिनं सांगितलं, तिला काय, विचारलं की सांगायचं हेच दीड वर्ष शिकवलंय. मग काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि कागदी रुमालावर त्या आकृत्या काढल्या. त्रिकोण, त्यात काळा ठिपका, तो उजवीकडे फिरतो, पाचवी आकृती कुठली. आठवड्यानंतर. रुमालावर. पेनानं.

"तू काय केलंस? बी?"

"हो."

"आमच्या याचं सी आलंय. ट्यूटर पण सीच म्हणाले. बरं बरं, असू दे गं, एकानं काय होतंय!"

हे मला कसं कळलं? रुमालामुळे. लेक सापडत नाही म्हणून शोधायला निघाले, तर ती कोटांच्या ढिगामागे बसली होती, परकर गुडघ्यांवर ओढून, हातात तो रुमाल. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "आई, सी होतं का गं?"

मला काय माहीत? मी बी.कॉम. आहे.

शाळेनं लेखी कळवलेलं असतं, परीक्षेतल्या प्रश्नांची चर्चा करू नका, मुलांनाही करू देऊ नका. ते पत्र या काकूंना मिळालं नसेल असं नाही. मिळालं असणारच. परीक्षेला ओरिगामी करून न्यायला सांगितलं असतं तर त्या पत्रातलं कलमन्‌कलम त्यांना पाठ असतं. आणि त्या काही वाईट बाई नाहीत, हेच तर अवघड आहे. मला ताप आला तेव्हा दोन दिवस डबा त्यांनीच दिला होता. पण आपला पोरगा कुठे उभा आहे हे कळायला त्यांना मोजपट्टी हवी होती, आणि समोर माझी पोरगी होती.

त्या रात्री आमच्याकडे काय झालं सांगू? नवऱ्यानं तो रुमाल सरळ करून टेबलावर ठेवला, वर चष्मा लावला आणि म्हणाला, "यात दोन नियम आहेत बघ. ठिपका फिरतो आणि त्रिकोण उलटा होतो. बी पण बसू शकतं." साडेअकरापर्यंत आम्ही दोघं त्रिकोण फिरवत होतो. पोरगी जिन्यावर बसून ऐकत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आता सूचना वगैरे बास झाल्या. नीट ऐका.

ती पोरं दहा वर्षांची आहेत. परीक्षेच्या नावात अकरा असलं तरी ती देणारी दहाची असतात, आणि आमची तर या महिन्यात अकराची होईल. निकालाच्याच आठवड्यात वाढदिवस येतो तिचा. परवा तिनं मला विचारलं, "वाढदिवस निकालाच्या आधी करायचा की नंतर ठरवायचं?" ठरवायचं! कुठल्या मैत्रिणी बोलवायच्या हे तिला कुणाला किती पडले ते बघून ठरवावं लागेल, असं तिला वाटतंय. हे तिला कुणी शिकवलं? कौन्सिलनं? मशीननं? तुम्ही शिकवलंत. शाळेच्या फाटकाशी उभं राहून दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवत 'काय मग, कसा गेला पेपर?' विचारणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी. पोरगं वर बघून उत्तर देतं तेव्हा तुमचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नसतं, तुमची आतल्या आत वजाबाकी चाललेली असते.

आणि हो, मीही त्यातलीच. काकूंना बोल लावायला सोपं आहे, म्हणून सांगून टाकते. सगळ्यात आधी मीच विचारलं होतं. केंद्राबाहेर, गाडीत, तिनं सीटबेल्ट लावायच्या आत. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडून ती पिणार होती. मी विचारल्यावर तिनं बाटली खाली ठेवली आणि प्रश्न आठवायला लागली. घर येईपर्यंत ते पाणी तसंच राहिलं.

तेव्हा माझ्यासकट सगळ्यांना सांगते. निकाल आला की ज्याचा त्यानं आपल्या घरात बसून बघावा, दार लावून. आकडा ग्रुपवर टाकू नका, देवाचे आभार मानण्याच्या निमित्तानंसुद्धा टाकू नका. पेढे वाटायचे तर दिवाळीचे म्हणून वाटा. आणि माझी पोरगी वाटेत दिसली तर तिला पेपर विचारायचा नाही, स्कोअर विचारायचा नाही, 'पुढे काय ठरवलंय' हेसुद्धा विचारायचं नाही. बोलायचंच असेल तर त्या दिवशीची खिरापत विचारा. वाटली डाळ होती. सगळ्या बायका ढोकळ्यापासून उपम्यापर्यंत फिरून आल्या, तिनं पहिल्या फटक्यात ओळखली होती.