कोठार कोणाच्या दाराशी?

पोषण आहारात अंडं हवं की नको, हा वाद आमच्या सांगलीच्या घरात अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये सरकारनं शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं, नको त्याला केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबवला. द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. "आपले पूर्वज असलं काही खात नव्हते," काका फोनवर ठासून सांगतात.

पूर्वजांनी पुरावा ठेवलाय. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या जळक्या दाण्यांत सातू मुख्य. सोबत मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल. आणि गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडं, कापल्याच्या खुणांसकट. हरियाणात फरमाणाला तर हडप्पाकालीन भांड्यावर आणि माणसाच्या दातांवर हळद-आल्याचे स्टार्चकण सापडले. हळदीच्या पेठेत वाढलेल्या मला त्याचा केवढा आनंद झाला!

पण मला खरं अडवून धरतं ते इनामगावचं पाच खोल्यांचं घर. त्याला लागूनच धान्याचं कोठार. कारागिरांची घरं वस्तीच्या कडेला. उत्खनन करणाऱ्यांनी ते घर गावप्रमुखाचं मानलं. ताटात काय होतं हे दाणे सांगतात. ते वाढणारा हात कोणाचा, हे कोठाराची जागा सांगते. घरच्या वादात हा दुसरा प्रश्न कोणी काढतच नाही.

मी राहतो डेन्मार्कात, ऑरहूसला. जवळच सिल्कबॉर्गच्या संग्रहालयात टोलुंडचा माणूस आहे, म्हणजे दलदलीत टिकून राहिलेला मृतदेह, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्याचं शेवटचं जेवण सातूची पेज, त्यात जवस, तणाचं बी, शिवाय मासा. इथले लोक ताटावरून भांडत नाहीत असं मात्र नाही. शेजारच्या रानर्स नगरपालिकेनं २०१६ मध्ये ठराव केला, सार्वजनिक संस्थांच्या जेवणात डुकराचं मांस असलंच पाहिजे. रोख मुसलमानांवर होता, हे सगळ्यांना कळत होतं.

आणि इथल्या बहुतेक शाळांत मुलं आपापला डबा आणतात. कोणाच्या घरी काय आहे, डबा उघडला की दिसतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच पातेल्यातली खिचडी सगळ्यांना मिळते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. म्हणून अंड्याचा खर्च सरकारनंच उचलावा. सांगली शहरात वर्गणी जमेलही. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर, दुष्काळाच्या सालात, ती कोण देणार? काकांनी याचं उत्तर द्यावं.