‘सगळे निकाल मोबाईलवर फुकट आहेत, पुस्तकं कशाला?’

वकिलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: निकाल आता मोबाईलवर फुकट मिळतात, तेव्हा लॉ लायब्ररीची वर्गणी म्हणजे पैसे पाण्यात, नवी आवृत्ती म्हणजे जुनाच माल, नवं कव्हर, आणि शोधायचा कंटाळा आला तर एआय आहेच. खाली अंगठ्यांची रांग. त्या रांगेत सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप (सॉलिसिटर होण्याआधीची उमेदवारी) करणारी मुलंही दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

निकाल फुकट मिळतात, हे खरंच आहे आणि उत्तमच झालं. सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०२३ ला ई-एससीआर हा आपल्या निकालांचा ऑनलाइन संग्रह सुरू केला तेव्हा सुमारे ३४ हजार निकाल सर्वांना खुले झाले. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या ज्युनिअरला याचं मोल विचारा. पण फुकट मिळतो तो निकालाचा मजकूर. तो निकाल आज टिकून आहे की नाही, हे त्याच मजकुरात कुठून लिहिलेलं असणार? २५ एप्रिल २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की स्टॅम्प ड्युटी न भरलेल्या करारातलं लवादाचं कलम अंमलात आणता येणार नाही. त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायाधीशांनी ते मोडीत काढलं: ड्युटीची त्रुटी भरून काढता येते, तेवढ्याने करार मुळातूनच रद्दबातल ठरत नाही. एप्रिलचा निकाल आज डाउनलोड करा, तो तितक्याच ठाम भाषेत बोलतो. बेनामी व्यवहारांवरचा ऑगस्ट २०२२ चा गाजलेला निकाल १८ ऑक्टोबर २०२४ ला मागे घेतला गेला. बांधकाम झाल्यावर पर्यावरण मंजुरी देण्याला बंदी करणारा ‘वनशक्ती’चा निकाल १६ मे २०२५ चा, तोही १८ नोव्हेंबरला २ विरुद्ध १ ने परत घेतला. सहा महिने! मधल्या काळात ज्यांनी अशिलाला लेखी ओपिनियन दिलं आणि पुढे काही पाहिलंच नाही, त्यांची काय अवस्था झाली असेल?

यावर उत्तर येतं, की अख्खा निकाल समोर असेल तर कायदा समजावून सांगणारा भाष्यग्रंथ हवाच कशाला, आम्हाला वाचता येतं. वाचा ना. पण कोणाचं मत वाचताय? ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी ज्या खटल्याचा निकाल दिला तो आपल्या मुंबईचा, जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती आणि म्हाडा कायद्याचं प्रकरण आठ-अ यांवरून १९९२ पासून रेंगाळलेला. प्रश्न होता, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या ३९(ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरते का. ती ठरते, या समजाचं मूळ १९७७ च्या कर्नाटकातल्या बस-अधिग्रहणाच्या खटल्यात. तिथे सात न्यायाधीश होते. कृष्ण अय्यर यांनी तिघांच्या वतीने तसं लिहिलं, जोरकस आणि देखणं. उरलेल्या चौघांच्या वतीने उंटवालिया यांनी स्पष्ट नोंदवलं, की या मुद्द्यावर आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत असं समजू नये. बहुमत कोणाचं, हे तिसरीतलं पोरही सांगेल. तरी १९८२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने अल्पमतातलंच मत उचललं, आणि ही गफलत होती असं म्हणायला २०२४ उजाडलं. तेव्हा पुस्तकं नव्हती का? होती. म्हणजे पुस्तकं हाताशी असून एवढी चूक होते. मग पीडीएफमध्ये एक शब्द शोधून समोर आलेला देखणा परिच्छेद नोटमध्ये चिकटवणाऱ्यांनी कशाच्या जोरावर निर्धास्त राहायचं?

‘बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मजकूर) सरकारी साइटवर आहे’ हा मुद्दा कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे मालमत्तेचे दस्त करण्याच्या, टेबलावर तर सपशेल पडतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ घ्या. मूळ केंद्रीय मजकूर म्हणतो, दावा चालू असताना मालमत्ता घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधील. नोंदणीचा उल्लेख नाही. पण १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने आपल्याकडे दाव्याची नोटीस नोंदवण्याची अट घातली. दिल्लीच्या यूट्यूब क्लासवर कलम ५२ शिकलेला ज्युनिअर दावा लावतो, लीस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायची राहून जाते, समोरचा पक्षकार फ्लॅट तिसऱ्याला विकून मोकळा. टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, करणाऱ्याच्या बाजूनेही तेच: इंडेक्स टूमध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत) काय सापडलं आणि काय नाही, याचा अर्थ महाराष्ट्रात वेगळा लागतो. राज्याच्या दुरुस्त्यांसकट छापलेलं पुस्तक महाग वाटतं ते फक्त घेताना.

नव्या आवृत्तीला नुसतं नवं कव्हर असतं, हा आरोप मात्र काही पुस्तकांना लागू आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या फोर्टातल्या दुकानांत आलेली नव्या फौजदारी कायद्यांवरची काही पुस्तकं म्हणजे डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, संपलं. पण म्हणून जुन्या आवृत्तीवर भागवायचं? ‘क्वॉशिंगला ४८२ टाकूया’, म्हणजे गुन्हा रद्द करून घ्यायला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करूया, हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन; हायकोर्टाचे अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंडसंहिताच लागू, म्हणून जुनं पुस्तकही काढून टाकता येत नाही. पुढची कित्येक वर्षं दोन्ही संच टेबलावर लागतील.

राहिला एआय. ६ जून २०२५ ला लंडनच्या हायकोर्टाने ज्या दोन प्रकरणांवर ताशेरे ओढले, त्यांतल्या एकात ४५ निवाड्यांचे दाखले होते आणि त्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. त्यातला तपशील आणखी बोलका आहे: हे संशोधन एआयच्या मदतीने केलं होतं अशिलाने, आणि सॉलिसिटरने न तपासता वापरलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एक प्राप्तिकर निर्धारणा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले तीन निवाडे कुठे सापडेचनात.

पैशांची तक्रार मला मान्य आहे. निकालांच्या छापील रिपोर्टांचे बांधीव संच ऑफिसात लावणं हा बऱ्याच ठिकाणी अशिलावर छाप पाडायचा प्रकार होता, तो बंद झाला तर बरंच. ते विकत घेऊ नका. आपल्या कामाच्या विषयावरचं एकच चांगलं भाष्य घ्या, बाकीचं बार लायब्ररीत बसून पाहा. निकाल पुढे फिरवला गेलाय का, हे तिथल्या डेटाबेसवर तपासायला पाच मिनिटं लागतात. पुस्तक घेताना प्रस्तावनेत ‘अमुक तारखेपर्यंतचा कायदा’ ही ओळ शोधा. ती नसेल तर पुस्तक परत शेल्फवर ठेवा.